स्ट्रॅटवर नऊच्या जागी दहाच्या तारा घालायच्यात, ब्रिजचं काय करायचं? (आणि गंजाचं पण)

समुद्राकाठी:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे एक स्ट्रॅट टाइप इलेक्ट्रिक गिटार आहे, सेकंडहँड घेतलेली, सहा स्क्रूवाला ट्रेमोलो ब्रिज (बार म्हणजे दांडा दाबून सूर हलवता येतो तो), मागचं झाकण उघडलं तर तीन स्प्रिंगा दिसतात. तिच्यावर सध्या नऊचा सेट आहे असं विकणाऱ्याने सांगितलं. मला त्या तारा फार लुळ्या वाटतात, आधी कायम अकूस्टिक वाजवलेली असल्यामुळे हात जड आहे, साधी ओपन कॉर्ड धरली तरी जी आणि बी दाबल्या जाऊन सूर चढतो, आणि बेंड करायला (तार आडवी ओढून सूर चढवायला) गेलो तर पाहिजे त्या सुराच्या पुढेच निघून जातो. म्हणून १०-४६ घालावा असा विचार आहे.
पण यूट्यूबवर एक जण म्हणतो डायरेक्ट घाला काही होत नाही, दुसरा म्हणतो ब्रिज वर उचलला जाईल, मान वाकेल, सगळा सेटअप परत करावा लागेल. नक्की काय?
दुसरं म्हणजे मी रत्नागिरीत राहतो, मांडवीच्या जवळच, खारा वारा थेट घरात. बारीक तारांवर बघता बघता काळे ठिपके येतात आणि बोट सरकवलं की खरखर लागते. कोटेड (वरून पातळ थर दिलेल्या) तारांना जवळजवळ डबल पैसे आहेत, ते वसूल होतात का? आणि इथे गिटारचं काम करणारं कोणी नाही, पेटी-तबलेवाले आहेत पण त्यांनी गिटार बघूनच हात जोडले, त्यामुळे जे काय करायचं ते घरीच. ॲलन की, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड एवढं आहे.

फ्रेटबझ:
दोघंही अर्धं बरोबर सांगतायत. तारा चढवायला काही अडचण नाही, पण चढवून सोडून दिलंस तर ब्रिज उचलला जाणारच.
नऊचा सेट म्हणजे ९, ११, १६, २४, ३२, ४२ आणि दहाचा म्हणजे १०, १३, १७, २६, ३६, ४६, हे सगळे इंचाचे हजारावे भाग. वाचून वाटतं एवढ्याशा फरकाने काय होतंय, पण ताण जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, त्यामुळे एकटी हाय ई साधारण १३ पौंडावरून १६ वर जाते. सहाही तारा धरल्या तर साडेपंचवीस इंची स्केलवर (स्केल म्हणजे तारेची वाजणारी लांबी) नऊचा सेट ८५ पौंडाच्या आसपास ओढतो आणि दहाचा शंभरच्या थोडा वर, म्हणजे सरळ आठेक किलोचा फरक. पुढून तारा ओढतात, मागून स्प्रिंगा ओढतात आणि ब्रिज त्या दोघांच्या मध्ये तरंगतो, म्हणून पुढचा जोर वाढला की मागचा वाढवावा लागतो. एवढंच गणित आहे.
करायचं काय तर मागचं झाकण काढ. आत स्प्रिंगा ज्या पंजाला अडकवलेल्या आहेत तो पंजा दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेला असतो. नव्या तारा घालून सुरात लाव, मग बाजूने बघ ब्रिजची मागची कड बॉडीपासून किती वर आलीय. वर-खाली दोन्ही बाजूंना बार चालवायचा असेल तर साधारण ३ मिमी ठेवतात. जास्त असेल तर ते दोन स्क्रू सारखे-सारखे अर्धा आटा आत घे, परत सुरात लाव, परत बघ. पहिल्यांदा ट्यून केल्यावर सगळं चुकीचंच दिसणार, घाबरायचं नाही, एक तार लावली की बाकीच्या उतरतात, दुसरी लावली की पहिली उतरते, चार-पाच फेऱ्यांत बसतं. स्क्रू अगदी आतपर्यंत जाऊन टेकले तरी ब्रिज वरच राहिला तर चौथी स्प्रिंग टाक, पंजाला पाच आकडे असतात ते त्यासाठीच.
मानेचं नंतर बघू. आधी हे.

जुना_ऑर्केस्ट्रा:
अरे बाबा, आधी मला सांग तू वाजवतोस काय? आम्ही ऑर्केस्ट्रात रात्रभर वाजवायचो, बत्तीस-पस्तीस गाणी, त्यात निम्म्या गाण्यांना गिटारचे पीस, दहाच्या तारांनी पहाटेपर्यंत बोटं सोलून निघायची. मी शेवटपर्यंत नऊच वापरल्या. जाड तार म्हणजे दणदणीत टोन हे सगळ्यांनी डोक्यात घेतलंय कारण स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा लावायचा, पण तो गिटार अर्धा सूर उतरवून लावायचा हे कोणी सांगत नाही. आणि ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी, ज्याच्या आवाजाला सगळे जड म्हणतात, त्याने फॅक्टरीतल्या अपघातात बोटांची टोकं गेल्यावर एकदम बारीक तारा लावल्या, आठच्या. तेव्हा जाडीचं फार मनावर घेऊ नकोस. तुझा हात जड आहे असं तूच म्हणतोस, मग हात हलका कर ना, तार कशाला जाड करतोस.
दुसरी गोष्ट, तो ब्रिज तरंगत ठेवायचाच कशाला? त्या पंजाचे स्क्रू चांगले आवळ आणि ब्रिज बॉडीवर सपाट टेकव. बार खाली दाबता येतो, वर ओढता येत नाही, पण वर ओढतो कोण? फायदा असा की कार्यक्रमात तार तुटली तर बाकीच्या पाच सुरात राहतात. तरंगत्या ब्रिजवर एक तुटली की स्प्रिंगा जिंकतात, उरलेल्या सगळ्या चढतात, आणि गाणारा बिचारा काळी चारमध्ये गातोय आणि तुझी गिटार भलतीकडेच. हे स्टेजवर झालं की घाम फुटतो.

फ्रेटबझ:
काका, ब्रिज टेकवायचं पटलं, त्याला शिकतानाही तेच सोपं जाईल. पण नऊ-दहाच्या बाबतीत नाही पटत. ज्याला अकूस्टिकवर बाराच्या तारांची सवय आहे त्याला एकदम नऊ म्हणजे हातात काही लागतच नाही. आणि तुम्ही जे उतरवायचं म्हणताय तेच त्याच्या कामाला येईल: दहाचा सेट अर्धा सूर खाली, म्हणजे ओपन ई ऐवजी काळी दोन, असा लावला की ताण नव्वदेक पौंडावर येतो, नऊ आणि दहाच्या बरोबर मध्ये. पूर्ण एक सूर उतरवला तर जवळजवळ नऊच्या सेटएवढाच. त्यामुळे दहा घेऊन ठेव, जड वाटलं तर उतरव.
अजून एक, ही स्ट्रॅट आहे म्हणून. लेस पॉल टाइप असती तर स्केल पावणेपंचवीस इंच, तिच्यावर तोच दहाचा सेट मऊ लागतो. मित्राच्या गिटारवर दहा वाजवून बघितल्या आणि मस्त वाटल्या म्हणून घेत असशील तर ती गिटार कुठली होती ते आधी आठव.

समुद्राकाठी:
@जुना_ऑर्केस्ट्रा काका, वाजवतो घरीच, ब्लूज आणि जुनी हिंदी गाणी, कधीतरी गणपतीत कॉलनीच्या कार्यक्रमात. @फ्रेटबझ मित्राची लेस पॉलच होती 😅 तरी दहाच घेतो. ब्रिज टेकवूनच ठेवतो म्हणजे एक डोकेदुखी कमी.
गंजाचं कोणीच बोललं नाही.

पणजी_ब्लूज:
गंजाचं मी सांगतो, आमचं घर मिरामारला, तुझ्यासारखाच वारा खातो.
कोटेडचं असं आहे की कोटिंगचा मुख्य फायदा गुंडाळलेल्या तारांना, म्हणजे ई ए डी ला. त्यांच्या वेढ्यांमध्ये घाम, मेलेली कातडी, धूळ जाऊन बसते आणि आवाज मेल्यासारखा येतो, कोटिंग ते आत जाऊ देत नाही. एलिक्सर या कोटेड तारा काढणारी कंपनी गोअर, तीच रेनकोटच्या गोअर-टेक्स कापडवाली, तेव्हा पाणी बाहेर ठेवण्यातलं त्यांना कळतं. पण तुझ्या काळ्या पडतायत त्या साध्या तारा, त्या नुसत्या पोलादाच्या असतात. त्यांच्यासाठी एलिक्सर वेगळा गंजरोधक मुलामा देते आणि आमच्याकडे त्याचा फरक पडतो. डबल पैसे देऊन डबलपेक्षा जास्त टिकतात असा माझा अनुभव, पण तू बेंड जोरात करत असशील आणि तार गंजण्याआधीच तुटत असेल तर कोटिंगचे पैसे पाण्यात. त्यापेक्षा साधा डॅडारिओ नाहीतर अर्नी बॉलचा सेट घे आणि सुट्ट्या हाय ई दोन-तीन जास्तीच्या आणून ठेव, दहा नंबरच्या, मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजमध्ये विचार नाहीतर ऑनलाइन माग.
घरगुती उपाय: वाजवून झालं की कोरड्या सुती कपड्याने प्रत्येक तार वरून आणि खालून पुसायची, कपडा तारेच्या खालून घालून नटपासून (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत. सगळे वरूनच पुसतात, गंज खालून धरतो. गिटार भिंतीला टांगून ठेवू नको, कितीही छान दिसली तरी, बॅगेत ठेव आणि आत सिलिका जेलच्या पुड्या टाक, नव्या चपलांच्या खोक्यात येतात त्याच. आणि कृपा करून खोबरेल तेल लावू नको!! आमच्याकडे एक जण लावायचा, पहिला दिवस लोण्यासारखी बोटं फिरली, नंतर सगळी धूळ तारेला चिकटून फ्रेटबोर्डवर चिखल.
उघडं पाकीट पण ठेवू नको. पाकिटातल्या पाकिटात गंजलेल्या तारा मी बघितल्यात.

नवीन_हात:
धाग्यात मध्येच घुसतोय, सॉरी. आमच्या गावातल्या दुकानात फक्त अकूस्टिकचा सेट मिळतो, दुकानदार म्हणतो गिटार ती गिटार, तार ती तार. इलेक्ट्रिकवर चालतील का?

फ्रेटबझ:
वाजतील, पण नको. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, त्याच्यावर लोखंडी तार थरथरली की करंट तयार होतो. अकूस्टिकच्या जाड तारांवरचं वेष्टण ब्राँझचं असतं, ब्राँझ लोहचुंबकाला कळतच नाही, त्याला फक्त आतला पोलादी गाभा दिसतो. मग वरच्या दोन साध्या तारा कान फोडणार आणि खालच्या चार कुठेतरी लांब विहिरीत वाजल्यासारख्या. शिवाय त्या बाराच्या असतात आणि जी सुद्धा गुंडाळलेली, बेंड विसर. पाकिटावर निकेल असं लिहिलेलं बघून घे, निकेल वाउंड किंवा निकेल प्लेटेड स्टील. प्युअर निकेल थोडी मऊ-जुन्या वळणाची, स्टेनलेस सगळ्यात झणझणीत आणि गंजाला चिवट पण हाताला खडबडीत आणि फ्रेट जरा लवकर झिजवते. पहिल्यांदा घेतोयस तर निकेल प्लेटेड.

समुद्राकाठी:
सेट आला. डॅडारिओ १०-४६. आत तारांची वेगवेगळी पाकिटं नाहीत, सगळ्या एकत्र, टोकाच्या गोळ्या रंगीत आहेत. तो रंग बघून लावायच्या ना? आणि माझ्या खुंट्यांना आडवं भोक नाही, वरून चीर आहे आणि मध्ये खोल भोक. यात तार कशी अडकवायची? जुन्या तारा एकदम सगळ्या काढू का एकेक?

फ्रेटबझ:
हो रंगांनीच. पितळी म्हणजे जाड ई, मग लाल ए, काळी डी, हिरवी जी, जांभळी बी, चंदेरी हाय ई.
सगळ्या काढल्यास तरी चालतं, फ्रेटबोर्ड पुसायला बरं पडतं, फक्त आधी सगळ्या सैल कर मग काप, ताणलेली तार कापायची नाही, डोळ्याकडे येते. तसंही तू ब्रिज टेकवणारच आहेस.
तुझ्या खुंट्या जुन्या पद्धतीच्या आहेत आणि माझ्या मते सगळ्यात चांगल्या, टोक आत जातं त्यामुळे बोटाला टोचत नाही. तार मागच्या ठोकळ्यातून ओवून घे, गोळी तळाला नीट बसली का ते ओढून बघ. मग नटवरून घेऊन ज्या खुंटीला लावायची तिच्यापुढे अजून दोन खुंट्या जाईल एवढी लांबी मोज. पुढची खुंटीच नसेल तर साधारण ५ सेंटीमीटर धर. तिथे तार काटकोनात वाकव, आधी वाकवायची मग कापायची, जाड तारांचं वेष्टण सुटू नये म्हणून. ते वाकवलेलं टोक भोकात खाली टेकेपर्यंत घाल, तार चिरेतून बाहेर काढ, आणि एका हाताने तार ताणून धरत दुसऱ्याने खुंटी फिरव. वेढे वरून खाली पडले पाहिजेत, एकमेकांवर चढायला नको. जाड तारांना दोन-तीन, बारीकांना तीन-चार. बी आणि हाय ई डोक्यावरच्या त्या छोट्या पत्र्याच्या आकड्याखालून घालायला विसरू नको, विसरलास तर ओपन वाजवताना नटमध्ये सटकते.
नटच्या खाचांमध्ये पेन्सिल फिरव, मऊ शिसाची, २बी वगैरे. खुंटी फिरवताना "टिंग" आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकतेय असं समज, नऊसाठी कापलेल्या खाचेत दहा बहुतेक बसते पण घट्ट होऊ शकते.
मग प्रत्येक तार बाराव्या फ्रेटजवळ धरून हळूच वर ओढ, सूर उतरेल, परत लाव, परत ओढ, उतरायची थांबेपर्यंत. लोक म्हणतात नव्या तारा सुरात राहत नाहीत, त्यातलं बरंचसं हे वेढे आवळले जाणं असतं. आणि सूर नेहमी खालून वर यायचा, जास्त चढला तर पार खाली उतरवून परत वर ये.

जुना_ऑर्केस्ट्रा:
आणि काढलेल्या तारांपैकी हाय ई तुटकी असेल तर कुठे तुटलीय ते बघून मगच टाक. खुंटीपाशी तुटली तर वेढे वाईट, नटपाशी तर खाच, आणि सॅडलवर, म्हणजे ब्रिजवर तार ज्या तुकड्यावर टेकते आणि जिथे हाताचा तळवा टेकतो तिथेच सारखी तुटत असेल तर दोष कंपनीचा नाही, सॅडलवर धार आलेली असते. लोक ब्रँड बदलत बसतात. बोटाने लागणार नाही एवढी बारीक धार असते, जाड तारेचा जुना तुकडा त्या जागेवर पुढेमागे घास, नाहीतर एकदम बारीक पॉलिश पेपर, दोन मिनिटांचं काम.

समुद्राकाठी:
झालं! तारा चढल्या, ब्रिज टेकलाय, तीन स्प्रिंगांतच काम झालं, पंजाचे स्क्रू बऱ्यापैकी आत घ्यावे लागले. काका, जुन्या हाय ईच्या सॅडलवर खरंच ओरखडा होता, नखाला लागला, घासून घेतला. बेंड आता हातात राहतोय, जी तर एकदम मजबूत.
आता दोन गोष्टी. एक, मधल्या फ्रेट्सवर तारा आधीपेक्षा थोड्या वर वाटतात. दोन, जाड ई ओपन सुरात आहे पण बाराव्या फ्रेटवर दाबली की चढलेली दाखवते, सॅडल मागे घेत गेलो तर आता त्याची स्प्रिंग पूर्ण दाबली गेलीय, अजून मागे जागाच नाही आणि तरी चढलेलीच.

फ्रेटबझ:
पहिलं, मान थोडी पुढे ओढली गेलीय, अपेक्षितच. जाड ई पहिल्या फ्रेटवर दाब आणि मान जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाब, आता आठव्या फ्रेटच्या डोक्यावर आणि तारेमध्ये किती फट आहे ते बघ. पाव मिलीमीटरच्या आसपास पाहिजे, लग्नपत्रिका नव्हे तर साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली तिचा बाक सांभाळणारी सळई) घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पाव आटा, त्याच्यापेक्षा जास्त एका वेळी नाही, परत सुरात लाव आणि रात्रभर राहू दे. फिरायला नाही म्हणाली तर जोर लावू नको, तिथेच थांब आणि इथे विचार. पावसाळ्यात परत बघावं लागेल, तुमच्याकडच्या दमटपणात लाकूड जागचं हलतंच.
दुसरं, मानेचं झाल्याशिवाय सॅडलला हात लावू नको, मान सरळ झाली की तार खाली येते, दाबताना कमी ताणली जाते आणि हा चढलेला सूर थोडा आपोआप उतरतो.

पणजी_ब्लूज:
सॅडलची स्प्रिंग दाबली गेलीय म्हणजे लोक ती काढून अर्धी कापतात, चालतं ते. पण त्याआधी मधला आणि मानेकडचा पिकअप किती वर आहे बघ. स्ट्रॅटच्या सिंगल कॉइलमधले लोहचुंबक जोरदार असतात, जाड तारेच्या फार जवळ गेले की तिला खाली खेचतात, तारेचं नीट कंपनच होत नाही, मग एकाच वेळी दोन सूर वाजल्यासारखं येतं आणि ट्यूनर कुठलंही काहीही दाखवतो. वरच्या फ्रेट्सवर जाड ई वाजवून ऐक, आवाज डुलतोय का?

समुद्राकाठी:
डुलतोय!! बाराव्याच्या पुढे तर वाँव-वाँव होतंय. मला वाटलं तार खराब निघाली.

पणजी_ब्लूज:
तार चांगली आहे. शेवटची फ्रेट दाबून धर आणि जाड ईच्या बाजूला पिकअपच्या लोहचुंबकापासून तारेपर्यंत २-३ मिमी जागा होईल एवढे तिन्ही पिकअप खाली घे, बारीक ईच्या बाजूला थोडे वर राहिले तरी चालतात. मग परत इंटोनेशन, म्हणजे बाराव्या फ्रेटवरचा सूर, बघ. बहुतेक सॅडल उलट पुढेच आणावा लागेल.

समुद्राकाठी:
पिकअप खाली घेतले, डुलणं गेलं, ट्रस रॉड पाव आटा फिरवून रात्रभर ठेवली होती. आज सकाळी सॅडल खरंच थोडा पुढे आणावा लागला, स्प्रिंग कापायची वाचली. आवाज मात्र आधीपेक्षा जरा बारीक झाल्यासारखा वाटतो, ते पिकअप खाली गेल्यामुळेच ना?

जुना_ऑर्केस्ट्रा:
हो त्यामुळेच. ॲम्पचा व्हॉल्यूम वाढव की मग, तो कशाला दिलाय. आणि काढलेला नऊचा सेट चांगला असेल तर फेकू नको, नवीन_हातला पाठव कुरिअरने, त्याच्या गावातला दुकानदार त्याला बाराच्या तारा चढवून देईल नाहीतर.

नवीन_हात:
पाठवा दादा, कुरिअरचे पैसे मी देतो. हाय ई गंजलेली असली तरी चालेल, ती एक सुटी मागवतो.